बापूंची शेवटची चढाई

शेवटच्या डावात शून्यावर कोण गेला, शेवटच्या चेंडूवर षटकार कुणी मारला, असले प्रश्न आमच्या कट्ट्यावर रोज रंगतात. काल मैदानावर जे पाहिलं, ते मात्र कुणी विचारणार नाही.

आमच्या कबड्डी संघातल्या बापूंचा निरोपाचा सामना होता. ते शेवटच्या चढाईला गेले तेव्हा समोरच्या कोपऱ्यातला पोरगा त्यांच्यावर झेपावणार, इतक्यात त्याचा कप्तान म्हणाला, "धरू नको रे, जाऊ दे त्यांना."

बापूंनी ते ऐकलं. एकेकाळी ज्याला आवरायला चौघे कमी पडायचे, त्याला आता धरण्याचीही गरज उरली नाही, हे इतक्या प्रेमाने सांगता येतं.

बापू परत फिरले नाहीत. "कबड्डी, कबड्डी" म्हणत ते सगळ्यांत धिप्पाड पोरापुढे जाऊन छाती काढून उभे राहिले. पोरगा वाकला आणि त्यांच्या पाया पडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तिथेच बापूंचा दम तुटला. नियमाने ते बाद होते. पंचांनी तोंडातली शिट्टी काढली आणि तेही टाळ्या वाजवू लागले.