पलीकडे गेलेला भाऊ

शंभर भाऊ आणि पाच भाऊ यांच्या युद्धाची कथा घरात वाचू नये, भांडणं लागतात, असं आमच्याकडे मानतात. म्हणून संपाच्या काळात लालबागच्या चाळीत मी ती गॅलरीत वाचली. वाचनालयातून आणलेले जाडजूड खंड आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. ते बाहेर, विजेच्या मीटरच्या लाकडी पेटीवर राहत. आत वडील, काका आणि दोघांची कुटुंबं मिळून एका खोलीत नऊ माणसं होतो. भांडणासाठी आम्हाला पुस्तकाची गरज नव्हती, हे मी आईला सांगून पाहिलं.

वडील आणि काका एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद, दुपारी करायला काही नाही, आणि मी कॉलेजात शिकणारा. त्यामुळे गॅलरीत सतरंजीवर जमणाऱ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. अर्थ सांगायचं काम चाळ कमिटीच्या सेक्रेटरींनी स्वतःकडे घेतलं. मालक म्हणजे ते शंभर आणि आपण पाच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. संख्येने पाहिलं तर शंभर आपणच भरतो, हे कुणी मनावर घेतलं नाही.

संप लांबला. कथा युद्धापर्यंत आली तोवर गिरण्यांची दारं किलकिली झाली होती आणि काही जण गुपचूप आत जाऊ लागले होते. वडील जाणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची धाकटी चार महिन्यांची होती आणि घरी येणारं वरचं दूध बंद झालं होतं. दोघा भावांत यावर एक शब्द होत नव्हता.

एका दुपारी कथेतली सैन्यं समोरासमोर उभी राहिली. पाचांतला थोरला मध्ये येऊन मोठ्याने विचारतो, कुणाला आमच्याकडे यायचंय का? शंभरांचा एक सावत्र भाऊ निघतो आणि सरळ पलीकडे जातो.

"साला फितूर!" टोकाला बसलेला एक जण म्हणाला.

"अरे, पण चांगल्या बाजूला गेला ना?"

"बाजू कुठलीही असू दे रे. भावांना सोडून गेला ना?"

सेक्रेटरींनी घसा साफ केला, पण या माणसाला कुठे बसवावं ते त्यांना सुचेना. इतक्या महिन्यांत काहीच न विचारणाऱ्या काकांनी तेव्हा विचारलं, "मगे त्याचा काय झाला?"

मी शेवटचा खंड उघडून सूची पाहिली. "जगला," मी म्हणालो. "त्या सगळ्या भावांत तो एकटाच."

"जगला असेल," सेक्रेटरी म्हणाले, "पण नाव आठवतं कुणाला?"

कुणालाच आठवत नव्हतं. त्या दुपारी वाचेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांनी काका पहिल्या पाळीला गेले. माझ्या वाचनामुळे गेले असं मी मानत नाही; ग्रंथांत एवढी ताकद असती तर सेक्रेटरी केव्हाच सुधारले असते. काका दुधासाठी गेले. पुढे मी ही कथा आणखी दोन भाषांतरांतून वाचली. राजाने कसं वागावं यावर पानंच्या पानं आहेत. एक जण उठून गेल्यावर मागे राहिलेल्या भावांना काय वाटलं, याची ओळ मला अजून सापडलेली नाही.

त्या दिवशी काका पाळीवरून परतले तेव्हा साडेचार वाजत आले होते. खोलीच्या दाराकडे जायची वाट आमच्यामधूनच होती. मी वाचता वाचता थांबलो. कुणी पाय आखडून घेतले नाहीत.

"आज इथेच पुरे," सेक्रेटरी म्हणाले.

वडील भिंतीकडे सरकले. सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली.

"बस हंय," ते काकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू वाच रे. थांबलंस कित्याक?"

दोघं-तिघं उठून गेले. काका बसले. त्यांच्या केसांत कापसाचे तंतू होते. मी पान शोधून वाचायला लागलो.