दूध संस्थेसाठी लिहिलेला प्रोग्राम
वडवणीजवळच्या आमच्या गावात आड आटला की टँकर त्यातच पाणी सोडायचा आणि बायका दोरानं घागरी ओढायच्या. आईच्या तळहातांना फोड आलेले पाहून मी सातवीत असताना सायकलच्या जुन्या रिमचा रहाट केला. पहिल्याच दिवशी लाकडी दांडा मोडला आणि शेजारच्या काकूंची घागर आडात गेली. आठ दिवस टोमणे खाल्ले. मग मोडक्या खाटेचा लोखंडी पाइप लावला, तो टिकला. तेव्हापासून पंखा, रेडिओ, शिलाई मशीन, जे हाती लागेल ते मी खोलायची आणि पुन्हा जोडायची.

बारावीनंतर मला मेकॅनिकलला जायचं होतं. वडील गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचे. ते म्हणाले, "कॉम्प्युटर घे. बसून काम हाय."

"मला बसून न्हाई करायचं, अण्णा."

"कावून?"

"त्यात हाताला काहीच लागत न्हाई."

त्यांनी फॉर्म आधीच भरला होता.

बीडच्या कॉलेजात पहिलं वर्ष मी नुसती धुमसत होते. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं अडायचं. लोडशेडिंग झालं की सकाळपासूनचं काम पुसून जायचं. एकदा चिडून मी वहीच फेकली होती. पण चूक नेमकी कुठं आहे ते शोधायची खोड जुनीच होती, तिनं मला तिथं टिकवलं.

तिसऱ्या वर्षी ठरवलं, दूध संस्थेसाठी प्रोग्राम करायचा. संस्थेचे सचिव म्हणाले, "लई चांगलं होईल, ताई. कॉम्प्युटर आला की तुझाच बसवू." चार महिने मी त्याच्यामागे होते. सुट्टीला घरी आले की अण्णा समजावून सांगायचे: गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं, दुधातला फॅट कसा मोजतात, त्यावर भाव कसा ठरतो, दूध नासलं तर काय करतात. आम्ही बापलेक इतकं कधीच बोललो नव्हतो.

त्या वर्षी पाऊसच झाला नाही. जनावरं चारा छावणीला गेली, कितीतरी घरांनी ती विकली आणि माणसं ऊसतोडीला निघून गेली. दिवाळीत मी सीडी घेऊन पोचले तर संस्थेला कुलूप. सचिव म्हणाले, "दूधच न्हाई, तर मोजायचं काय?"

घरी येऊन मी अण्णांवरच ओरडले, "चार महिने वाया गेले माझे!" त्यांचं तर कामच गेलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते म्हणाले, "मला तर दाखव, चालतंय कसं."

वडवणीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एका बोटानं त्यांनी म्हशीचं चार लिटर दूध भरलं. मग फॅटच्या रकान्यात साडेनऊ टाकला. "नऊच्या वरचा फॅट घेत न्हाई हे. आपल्या म्हशीला तर साडेनऊ लागायचा." मी तिथंच ती चूक काढली.

पुण्यात मुलाखतीला तोच प्रोग्राम दाखवला. "हा कुठं वापरतात?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

नोकरी लागली. फोन केला तेव्हा अण्णा छावणीवर रोजंदारीनं कडब्याच्या पेंढ्या वाटत होते, नीट बोलताही आलं नाही. पुढं मी लिहिलेलं बरंच काही अनोळखी माणसांनी वापरलं. संस्था मात्र उघडलीच नाही. तिच्या खोलीत आता खताची पोती आहेत, आणि गावी गेले की मी तो रस्ता टाळते.