परत सोडायचं पाणी

ब्राह्मी आणि मी शहापुरात एका खोलीत राहतो आणि विद्यापीठात एकाच सरांकडे पर्यावरणाचं संशोधन करतो. आमचं रोजचं भांडण चहाच्या पाण्यावरून. मी नळाखाली भांडं धरायचे, ही त्यावर दुहेरी फडकं बांधायची. "अगं, फिल्टरचं पाणी हाय ते," मी डाफरायचे. ही आपली फडक्याची गाठ आवळायची. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याची पोरगी, गाळल्याशिवाय घोट घेत न्हाय.

आणि हिच्या संशोधनाचा विषय काय, तर विहिरीतले बारीक जीव. पाणी जाळीतून गाळायचं, जाळीत उरेल ते बाटलीत घ्यायचं, वर नमुना टिकवायचं विष, फॉर्मॅलिन, ओतायचं. सगळे गार. मग भिंगाखाली मोजायचे. पहिल्या बाटलीला ती फॉर्मॅलिन इतक्या वेळा उचलून खाली ठेवत राहिली की सरांनी बरं नाही का म्हणून विचारलं. मी म्हणाले, "विषय बदल बाई. हवेतल्या धुराचा घे, तिथं कुणी मरत न्हाय." तर म्हणते, "विहिरी कशानं मरत्यात ते कुणीतरी बघायला पाहिजे न्हवं?"

शेवटी राहिली तिच्याच शेतातली विहीर. त्या पट्ट्यात शेतीची औषधं न पोचलेली तेवढीच एक, तिच्याशीच बाकीच्यांची तुलना करायची होती. ती नसेल तर प्रबंध अर्धवट, सरांनी ठणकावून सांगितलं. मग जीप घेऊन आम्ही दोघी गेलो.

तिचे वडील तवनाप्पा विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. आई, त्रिशलाबाई, आदल्या वर्षी गेली. जन्मभर तिनं रोज पाणी गाळलं आणि फडक्यात उरलेले जीव त्याच विहिरीत परत सोडले. दुसऱ्या विहिरीत चालत न्हाय, त्यांचं घर हेच. आप्पांनी मला तिची बादली दाखवली. बुडालाही कडी आणि कडीला वेगळी दोरी, म्हणजे पाण्याला टेकली की हळूच पालथी करता येते.

"आता मीच सोडतो," आप्पा म्हणाले. "ती पहाटे हितं येऊन बसती आणि इचारती, सोडलंस न्हवं म्हणून."

"कोण?"

"हिची आई."

दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. ब्राह्मी मान खाली घालून जाळी धूत राहिली.

बाटली भरली तेव्हा आप्पांनी विचारलं, "मोजून झालं की हितंच आणून सोडशील न्हवं?"

"व्हय आप्पा."

मग जीपच्या आड जाऊन तिनं फॉर्मॅलिन ओतलं. टोपण माझ्या हातात होतं. जीव जरा वळवळले आणि तळाला बसले. बापाशी ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, हे तिनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं, आणि सांबऱ्यात माझ्या घरी जेवायला थांबलो तर तिनं भरलं ताट तसंच बाजूला सारलं.

प्रबंध झाला, पेढे वाटले. आप्पांचा दर रविवारी फोन यायचा, "झालं का मोजून?" ही म्हणायची, "अजून न्हाय." पुढं पुढं पहाटे ही अंथरुणात उठून बसायला लागली. "सोडतो आई, सोडतो," असं गावच्या बोलीत स्पष्ट बोलायची, आणि डोळे टक्क उघडे. मला भीती वाटायची आणि भीतीचा राग यायचा. एक दिवस मी प्रयोगशाळेतली ती बाटली उचलून तिच्या पिशवीत घातली. म्हटलं, चल, एकदाचा सोक्षमोक्ष लाव.

येतोय म्हणून फोन केला होता, त्यामुळं आप्पा विहिरीवर बादली घेऊन तयारच होते. ब्राह्मीनं टोपण उघडलं आणि तो वास कट्ट्यावर पसरला. तिनं खाली पाण्याकडं बघितलं, टोपण परत लावलं.

"आप्पा, मी खोटं बोललो. ह्यात इख हाय, तवाच घातलंतं. ही सगळी मेलीत. विहिरीत वतायला येत न्हाय."

आप्पांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रिकामी बादली विहिरीत सोडली, पाण्याला टेकवली, दुसरी दोरी ओढून हळूच पालथी केली आणि वर घेतली. मग शेजारच्या रिकाम्या कट्ट्याकडं बघून म्हणाले, "सोडलं गं." म्हातारा पोरीसाठी खोटं बोलला. मला रडू आवरेना.

बाटली आता आमच्या खिडकीत असते. ती टाकायची कुठं, हे आम्हा दोघींनाही कळत नाही. चहाच्या भांड्यावर फडकं हल्ली मीच बांधते.

काल आप्पांचा फोन आला. आवाज मोठा, मला कॉटवरूनही ऐकू आलं.

"ती हितं याची बंद झाली गं. तुझ्याकडं आलीया काय?"

ब्राह्मी अंथरुणात थोडी भिंतीकडं सरकली, कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी.

"व्हय आप्पा," ती म्हणाली.