शंभराला पन्नास, एक थेंबही जास्त नाही

उज्वलाताई बागूल यांच्या मागच्या पडवीत त्या दोन बाटल्या कधीही एका फळीवर ठेवल्या जात नसत. वरच्या फळीवर रेझिन, म्हणजे चिकटवायची पातळ राळ, खालच्या फळीवर तिला घट्ट करणारे हार्डनर. एकीच्या गळ्यात लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. पिचकारी वेगळी, पुसायचे फडके वेगळे, आणि झाकणांची अदलाबदल तर महापातकच. कारण एकीचे झाकण दुसरीवर बसले की ते जन्मात उघडत नाही. निम्म्या पंचवटीचे मोडके पाट, तडकलेले देव्हारे आणि लंगड्या खुर्च्या या दोन बाटल्यांच्या बळावर पुन्हा उभ्या राहत. काम घेऊन येणाऱ्यांना मात्र बाई जरा विक्षिप्त वाटे. एवढ्याशा डिंकाला सराफाचा तराजू कशाला?

तराजूला कारण होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन उज्वलाताईंनी अंबडच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे हेच दोन पदार्थ मिसळले. एके दिवशी प्रमाण चुकलेला माल पुढे जाऊ लागला, तेव्हा त्यांनी कागदावर सही नाकारली. "मॅडम, एवढं कोण बघतंय? सगळेच करतात," असे साहेब म्हणाले. बाईंनी सही केली नाही. राजीनाम्यावर मात्र केली. निरोप समारंभ झाला नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांना बढत्या मिळाल्या. घरी आल्यावर त्यांनी सराफ बाजारातून जुना तराजू आणला आणि पडवीत कपाट ठोकले. जगात एक तरी फळी अशी असावी, जिथे शंभराला पन्नास म्हणजे पन्नासच.

यंदाच्या जानेवारीत नाशकात थंडीने कहर केला. रेझिन बाटलीत थिजून तुपासारखे रवाळ आणि पांढरे झाले. थंडीत ते तसे होतेच. कोमट पाण्यात तासभर ठेवले की पुन्हा नितळ होते. ताईंनी बाटली नुकतीच बादलीत सोडली होती, तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष सावळीरामनाना कानाला मफलर गुंडाळून दारात उभे राहिले. मूळचे सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण कोणतीही गोष्ट आपल्याला येत नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलेले नव्हते.

"मॅडम, पार्किंगमधला कडाप्प्याचा बाक तडकलाय. तुमचं ते औषध द्या की."

"संध्याकाळी मी येऊन लावते, नाना."

"एवढ्याशा कामाला तुम्ही कशाला? आम्ही हजार क्विंटल कांदा साठवणीच्या चाळीत टिकवतो. दोन बाटल्या कालवता येणार नायत का?" मग बादलीत डोकावून म्हणाले, "हे पांढरं काय पडलंय? नासलं का?"

"नासलं नाही, थिजलंय. पुरतं विरघळू द्या. नंतर वजनाने शंभराला पन्नास. थोडं थोडं कालवायचं आणि लगेच पसरायचं. भांड्यात ढीग करून ठेवलं की ते आपोआप तापतं."

त्यांनी हे सारे कागदावर लिहून दिले. तराजूवर मात्र त्या वेळी एका देव्हाऱ्यासाठी मोजलेले हार्डनर चढलेले होते, आणि नाना तर दारातच उभे. तेव्हा ताईंनी थोडे थिजलेले रेझिन डब्यात काढून दिले, पण हार्डनर न मोजता सबंध बाटलीच दिली. एकवीस वर्षांत केली नव्हती ती चूक त्यांनी त्या सकाळी केली. उरलेल्या गोष्टी नानांनी केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात नानांच्या मातोश्री पुतळाबाई त्या बाकावर बसल्या. चकाकीसाठी नानांनी भेगेबरोबर सबंध बाकालाच लेप दिला होता. उठायची वेळ आली तेव्हा म्हातारी उठली, लुगडे उठले नाही. शेवटी कात्री आणावी लागली. त्यातच उरलेले मिश्रण नानांनी प्लास्टिकच्या बादलीत तसेच ठेवले होते. ते तापून धुरावले होते आणि बादलीचे बूड वितळले होते, हेही आता बाहेर आले.

संध्याकाळी पार्किंगमधल्या फलकावर नोटीस लागली. तळमजल्यावरील सदनिकेत स्फोटक व नासकी रसायने साठवलेली असल्याने रहिवाशांच्या जीवितास धोका आहे. आठ दिवसांत ती हलवून कामकाज बंद करावे. खाली नानांची सही. बाईंनी चार पानी उत्तर लिहून दिले. ते कुणी वाचले नाही. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याचे अक्षर जितके सुंदर, तितका त्याचा कागद लवकर रद्दीत जातो.

मग त्यांनी कागदाचा नाद सोडला. शुक्रवारी सकाळी त्यांनी दोन कपांत तेच रेझिन ओतले. नानांकडून परत आलेल्या बाटलीतले हार्डनर एकात मापाचे घातले, दुसऱ्यात दुप्पट. दोन्ही कप पडवीच्या उन्हात ठेवले आणि सोसायटीच्या रविवारच्या सभेत नोटिशीखालच्या टेबलावर आणून मांडले.

पार्किंगमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. नाना उभे राहिले. "मॅडमबद्दल आपल्याला आदर हाय. पण माल शिळा. पांढरा पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला."

"शिळ्या खारीसारखा चहात भिजवून घ्यायचा राहिला असेल!" मागून कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

उज्वलाताईंनी पिशवीतून लाल दोऱ्याची बाटली काढली. रेझिन काचेसारखे नितळ होते. "हीच ती बाटली. आता हे कप. नाना, अंगठा दाबा."

पहिल्या कपावर नानांचे नख टक् करून वाजले. दुसऱ्यात अंगठा रुतला आणि चिकट तारा ओढत बाहेर आला.

"यात काय घातलंत?"

"त्याच बाटलीतलं रेझिन आणि तेच हार्डनर. फक्त हार्डनर दुप्पट. तुम्ही किती घातलं होतं?"

नाना अंगठ्याच्या तारा सोडवू लागले. तेव्हा पुढच्या खुर्चीवरून पुतळाबाईंचा आवाज आला, खणखणीत.

"सावळ्या, बाक लावायच्या आदल्या राती तूच इचारलं ना मला, थंडीत दही लागंना तर काय करती म्हनून? मी म्हनलं, थंडी लय शे, विरजण जरा जास्तच घालते. त्या डब्यात बी विरजण घातलं का रं तू?"

"आई, तू गप बस."

"गप का बसू? लुगडं तुझं गेलं का माझं?"

हशा इतका झाला की वरच्या मजल्यावरची माणसे गॅलरीत आली. ताई हसल्या नाहीत. "मोजून न देणं ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "ती मी मान्य करते. पण हे विरजण नव्हे. दही कमी-जास्त विरजणाने लागतं. हे प्रमाण चुकलं की कधीच घट्ट होत नाही, कितीही दिवस ठेवा."

"बरं बरं," नाना बोट पुसत म्हणाले. "नोटीस राहू द्या तशीच. आम्ही काय तुमचं सामान काढायला येणार नाय."

"तशीच नको. मागे घ्या. आणि इतिवृत्तात लिहा की प्रमाण चुकलं होतं, माल नव्हे."

"एवढं ताणायचं, मॅडम? शेजारी राहतो आपण."

"कारखान्यातही मला हेच म्हणाले होते," ताई म्हणाल्या. "तेव्हा मी निघून आले. आता घर सोडून कुठे जाऊ? त्यामुळे ताणणारच."

नानांनी इतिवृत्ताची वही मिटली. सभा संपली. ताईंनी दुसरा कप उचलला, त्याच्या पोटावर लिहिले, 'हार्डनर दुप्पट', आणि नोटिशीशेजारच्या खिळ्याला टांगला. आत अध्यक्षांच्या अंगठ्याची खूण स्पष्ट दिसत होती. नोटीस आणि कप पाच दिवस शेजारी शेजारी राहिले. दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत प्रत्येकाने त्यात बोट घालून पाहिले. पाचव्या दिवशीही तो चिकटच होता. बाक तडकलेला होता, पुतळाबाई घरातून खुर्ची आणून उन्हात बसत होत्या, आणि येता-जाता लेकाचे नाव घेत होत्या.

सहाव्या सकाळी नाना पडवीच्या दारात आले. एका हातात फलकावरून काढलेली नोटीस, दुसऱ्या हातात वही. ताईंनी वहीतले वाक्य वाचले, पुन्हा वाचले, मग कपाटाची किल्ली काढली.

"बाक मी लावून देते," त्या म्हणाल्या. "पण मोजायचं तुम्ही."

नाना तराजूसमोर स्टुलावर बसले. शंभर ग्रॅम रेझिन झाले. पिचकारीतून हार्डनर हळूहळू उतरू लागले. पन्नासाच्या वजनाशी काटा मध्यावर आला, तसे नानांनी घड्याळाकडे, बाहेरच्या धुक्याकडे आणि मग ताईंकडे पाहिले.

"थंडी आज जास्तच हाय, मॅडम. चमचाभर अजून...?"

"एक थेंबही नाही," उज्वलाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातून पिचकारी काढून घेतली.