सकाळी न उघडणारी बोटं

कपाशीचं संकरित बियाणं हाताने तयार होतं. संध्याकाळी बाया कळीतले पुंकेसर नखाने काढून खुणेचा दोरा बांधतात. दुसऱ्या सकाळी त्याच कळीवर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. सकाळ चुकली की कळी वाया.

वडीगोद्रीच्या द्वारकाबाईंची सकाळच चुकू लागली होती. १९९६च्या हंगामात दिवस पुरता वर येईपर्यंत त्यांची बोटं आखडलेली राहत. बियाण्याच्या प्लॉटचे मालक कारभारी यांनी सांगून टाकलं, "मावशी, सकाळचं जमत नसंल तर दुसरी बाई बघतो."

त्याच आठवड्यात त्यांच्या हातांना खाज सुटली. जाऊ उषाबाईंनी आपली, अंगावर पित्त उठल्यावर घ्यायची गोळी दिली. खाज थांबली आणि सकाळी मूठही उघडली.

"पित्ताच्या गोळीनं वात पळाला की हो, बाई!" उषाबाई हसल्या.

गोळी रोजची झाली. चेहरा गोल झाला, तर बाया म्हणाल्या, सुनेच्या हातचं मानवलं. पुढच्या वर्षी ऐन हंगामात दुकानातली ती गोळी संपली. दुकानदाराने ॲलर्जीचीच, पण दुसरी दिली. खाज आली नाही. बोटं मात्र पुन्हा मिटली आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना.

जालन्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्यांची रिकामी पाकिटं शेजारी ठेवली. "ॲलर्जीचं औषध दोन्हीत आहे. पहिलीत शिवाय स्टिरॉइडही होतं. बोटं त्यानं उघडली, चेहराही त्यानंच गोल झाला. ते एकदम बंद झालं म्हणून तुम्ही पडलात. हा संधिवात आहे, मावशी."

"मंग तीच द्या ना. बराबर चालून राह्यलं होतं."

"हाडं ठिसूळ होतील. स्टिरॉइड पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करू. संधिवाताची वेगळी गोळी देतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतेल."

"बाजाराच्या दिवशी घेते. बाजार काय रोज भरत न्हाई."

डॉक्टरांना ही व्यवस्था पटली. रक्त तपासायला येत राहा, एवढं त्यांनी बजावलं.

तो हंगाम गेलाच. पुढच्या हंगामात मात्र द्वारकाबाई सकाळी सगळ्यांबरोबर प्लॉटवर होत्या. कारभारींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "जमंल ना?"

"तुमच्या त्या दुसऱ्या बाईला इचारा, माझ्या जोडीनं तिला जमंल का."

कारभारींनी त्यांना कपाशीची नेहमीची ओळ दिली. डाव्या हाताची करंगळी अजून वाकडीच आहे. तिच्यावाचून काही अडत नाही, असं द्वारकाबाईंचं म्हणणं.