भाग्यलक्ष्मीचं तिसरं वर्ष

नवरा कारण नसताना मिठाई घेऊन आला की भाग्यलक्ष्मीला आधी संशय यायचा. त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी युवराज हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या घरात शिरला तो जिलेबीचा पुडा घेऊनच. ना कुणाचा वाढदिवस, ना सण. तिने पुडा हातात घेतला, पण दोरा सोडला नाही.

"आधी काय ते बोला," ती म्हणाली.

तो बोलला. त्याच्या कंपनीचा परदेशातल्या कुठल्याशा कंपनीशी करार झाला होता. पुण्याजवळ नवा कारखाना उभा राहत होता आणि बढती देऊन ज्यांना तिकडे न्यायचं त्यांत त्याचं नाव होतं. महिन्याभरात निघायचं होतं. "आणि तुझ्या बीएची काळजी करू नको," तो घाईघाईने म्हणाला. "एकच वर्ष राहिलंय ना? पुण्यात कर. पुण्यात कॉलेजांना काय तोटा?"

तिने अजून काही विचारलंच नव्हतं. न विचारता उत्तर मिळालं, तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

नात्यागोत्यात ती संशयी म्हणून बदनामच होती. सुलतान बाजारात दुकानदार साडीचा रंग जाणार नाही अशी शपथ घ्यायचा, तोवर हिने रुमालाचं टोक ओलं करून पदरावर घासलेलंही असायचं. गवळ्याने समोर दूध मापलं तरी पातेलं हलवून बघायची. लोक हसायचे. हसोत बापडे. ती काही जन्मतः अशी नव्हती, माणसांनीच तिला तशी केली होती.

नांदेडला ती बीएचं पहिलं वर्ष पास झाली आणि युवराजचं स्थळ आलं. बैठकीत सुपारी फुटायच्या आधी तिच्या वडिलांनी विचारलं, पोरीला पुढे शिकायचंय, त्याचं कसं? तेव्हा मुलाची आई, सावित्रीबाई, आतल्या दारातून म्हणाल्या होत्या, "शिकू दे की. हैदराबादेत काय कॉलेजं नाहीत? आधी येऊ तर द्या, मग बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. लग्न करून ती या राज्यात आली आणि कळलं की तिकडचं वर्ष इकडे धरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग मुलगी झाली, मग सासऱ्यांचं शेवटचं दुखणं निघालं, आणि ते 'मग बघू' बघायचं राहूनच गेलं. मुलगी शाळेत रुळल्यावर, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, तिने कुणालाही न विचारता विद्यानगरजवळच्या एका कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं. वर्गातल्या पोरी तिला आंटी म्हणायच्या. दोन वर्षं तिने बसच्या दांड्याला लोंबकळत इतिहास पाठ केला. आता एकच वर्ष उरलं होतं, आणि पुन्हा राज्य बदलायचं होतं.

"पुण्यात घेतात म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"आमच्या ऑफिसातला विजय म्हणाला. तो पुण्याचाच आहे."

"विजय कॉलेज चालवतो का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीडी बूथवर गेली आणि विजयने ज्याचं नाव सांगितलं होतं त्याच कॉलेजला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने विषय विचारले, विद्यापीठ विचारलं, थोडा वेळ कुणाशी तरी बोलला आणि म्हणाला, "तुमचे आणि आमचे विषय जुळतात का, ते समिती ठरवते. एखादं वर्ष मागे यावं लागेल, जास्तही लागू शकेल. आत्ता सांगता येणार नाही. आधी तुम्ही इकडे या, मग बघू."

त्या भल्या माणसाला काय माहीत, की हे शब्द या बाईच्या कानात तेरा वर्षं सलत होते! तिने रिसीव्हर ठेवला आणि घरची वाट धरली.

रात्रीच्या जेवणाला तिने जाहीर केलं, "मी येत नाही. परीक्षा देऊन येईन."

युवराज भडकला. बायको एका राज्यात, नवरा दुसऱ्या राज्यात, लोक काय म्हणतील? पोरीचं काय? घरात बाईमाणूस एकटं कसं राहणार? तो बोलत होता आणि ती भाकरी मोडत होती, पण घास काही उचलत नव्हती. तेवढ्यात भाकऱ्या वाढणाऱ्या सासूबाई, सावित्रीबाई, म्हणाल्या, "एकटी कशी? मी राहते की तिच्यासंगं. एक सालाचा तर सवाल हाय. तू जा."

भाग्यलक्ष्मी आनंदली असेल असं कुणाला वाटेल. छे! तिची झोपच उडाली. ज्या बाईने बैठकीत थाप मारली, तिला आज सुनेच्या शिक्षणाचा एवढा कळवळा कुठून आला? यात काहीतरी काळंबेरं होतं.

युवराज पुण्याला गेला आणि संशय वाढतच चालला. सासूबाई पहाटे उठून दूध आणायच्या, स्वयंपाक करायच्या, नातीची वेणी घालायच्या. भाग्यलक्ष्मी पुस्तक घेऊन बसायची आणि एक डोळा स्वयंपाकघरावर ठेवायची. शेवटी दिवाळीनंतर एकदा सावित्रीबाईंनीच, भाजी निवडता निवडता, सहज विचारलं, "काय गं भाग्या, समज एखादा पेपर राहिला, तर अजून एक साल इथंच राहावं लागंल ना?"

आता कुठे कोडं उलगडलं. सावित्रीबाई एकदा पुण्याला लग्नाला गेल्या होत्या. तिथे त्यांनी आपल्या हैदराबादी बोलीत तोंड उघडलं की बायका पदराआड हसायच्या. एका पोरीने तर 'हौ' आणि 'नक्को' पुन्हा म्हणून दाखवायला लावलं होतं. मग त्या चार दिवस गप्प बसून राहिल्या. इथे गल्लीतला भाजीवाला, रिक्षावाला, सगळे त्यांना वचकून असायचे. पुण्यात त्यांचं कोण ऐकणार? म्हणजे सुनेचं तिसरं वर्ष हा त्यांना मिळालेला बहाणा होता. आणि ते वर्ष फुकट गेलं, तर त्यांच्या पथ्यावरच पडणार होतं.

तेव्हापासून भाग्यलक्ष्मी हॉल तिकीट ब्लाउजच्या आत ठेवून झोपू लागली.

एप्रिलमध्ये पेपर सुरू झाले आणि शेवटच्या पेपरच्या दिवशीच कुणीतरी शहर बंदची हाक दिली. आदल्या संध्याकाळी सासूबाई खालून ऐकून आल्या, की बसही नाही आणि ऑटोही नाही, परीक्षा मात्र आहे. भाग्यलक्ष्मीने ठरवलं, उजाडताच चालत निघायचं.

उजाडलं. ती तयार होऊन दाराशी आली आणि दार उघडेना. कडी बाहेरून घातलेली होती. सासूबाई घरात नव्हत्या. घराला दार हे एकच.

"आत्याबाई!" सासूला हाका मारत तिने दारावर थापा मारल्या. मग लाथा मारल्या. आतल्या खोलीत मुलगी रडत उठली. खिडकीतून हाका मारल्या तर बंदमुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भाग्यलक्ष्मी खाली बसली आणि ढसाढसा रडली. वर्षभर राबल्या, गोड बोलल्या, ते याच दिवसासाठी! मी ओळखलं होतं, ती स्वतःला म्हणत राहिली, मी ओळखलं होतं.

तेवढ्यात खाली ऑटोची फटफट ऐकू आली आणि पाठोपाठ सावित्रीबाईंचा चढा आवाज. "अरे बेटा, मेरेकू नक्को बोलना, मेरी बहू का इम्तेहान है. रास्ते में कोई रोका तो मैं बात करतूं, तू सिर्फ गाडी चला." कडी निघाली. "चल, ऊठ. रडतीस काय?"

पोरीला शेजारच्या पद्मावतीकडे सोपवून दोघी निघाल्या. वाटेत दोनदा पोरांनी ऑटो अडवली. दोन्ही वेळा सावित्रीबाई खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी असं काही सुनावलं की पोरं बाजूला झाली, एकाने तर "जाओ अम्मा" म्हणून सलाम ठोकला. ज्या बोलीला पुणं हसलं होतं, तीच आज बीएचा रस्ता मोकळा करत होती. भाग्यलक्ष्मी मांडीवर वही धरून होती, पण तिला एक अक्षर दिसत नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटत होती.

कॉलेजच्या फाटकाशी तिला राहवलं नाही. "आत्याबाई, मला वाटलं तुम्ही मला कोंडलंत."

सावित्रीबाई पदराने घाम पुसत होत्या. "कडी तर मी रोजच घालते, दूध आणाया जाते तवा. तुम्ही झोपलेल्या असता म्हणून." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "पर खोटं कशाला बोलू. आज घातली तवा मनात आलं, की राहू द्यावी तशीच. दुपारपर्यंत कुठं तरी बसून यावं. चौकापर्यंत गेले बी मी तसंच ठरवून."



"मग?" भाग्यलक्ष्मीने विचारलं.

"मग काय! बैठकीत एकदा बोलून चुकले होते. दुसऱ्यांदा नाही जमलं." त्यांनी सुनेच्या कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू बोटाने सारखं केलं. "जा आता, घंटी होईल. आणि पुण्यात कुणी मला हसलं तर तू बोल त्यांच्याशी. बीए तू होणार, मी नाही."

भाग्यलक्ष्मीने आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट उलटसुलट करून पाहिली नाही. फाटकातच वाकून तिने सासूचे पाय धरले आणि धावत आत गेली.