ताईंची विषखाऊ लेकरं

आमच्या रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याची टाकी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, आणि पाठीमागे जंतूताई. त्यांना ते ठाऊक होतं. "जंतूच तर पोसते, खोटं काय त्यात?" असं म्हणून हसायच्या.

कारखान्याच्या पाण्यात फिनॉल असतं, जहाल विष. ते खाऊन पचवणारे जिवाणू ताईंनी इथल्याच चिखलातून वेचून वाढवले होते. टाकीतलं पाणी पुढे ओढ्याला मिळतं, आणि खालच्या वस्तीतल्या बायका त्यात धुणं धुतात. एके काळी त्यांच्या हातांची सालं निघायची. ताईंची आई त्यांतलीच एक. म्हणून ताईंचा टाकीवर एवढा जीव. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सुनेला लेकरांचं विचारा, टाकी दाखवेल."

मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं होतो. मला स्वच्छतेचं वेड. ताई चिडवायच्या, "अरे, या घाणीवरच आपलं पोट आहे!"

मोठे साहेब पाहणीला येणार होते त्या दिवशी ताई रजेवर होत्या. टाकीवर वीतभर तपकिरी फेस होता. काढला की पुन्हा यायचा. शेवटी संडास धुवायची ब्लिचिंग पावडर आणली आणि दोन डबे टाकीत रिकामे केले. फेस गेला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी फुगलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पाणी तपासलं, तर फिनॉल जसंच्या तसं. ताईंनी विचारलं, "काल टाकीत काही टाकलंस का रे?"

"नाही ताई."

तोंडातून गेलं ते गेलं. ब्लिचिंगचा वास अजून येत होता, पण वर्षानुवर्षं फिनॉल हुंगून ताईंचं नाक कामातून गेलं होतं. आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

हवेचा पंप बंद पडून जिवाणू गुदमरले असतील, असं त्यांना वाटलं. अडीअडचणीसाठी एका पिंपात त्यांनी थोडे जिवाणू वेगळे जगवून ठेवले होते. तेच आता टाकीत सोडायचं ठरलं. बादल्या उचलायला त्यांनी मलाच हाक मारली. तळाशी जंतू मारणाऱ्या त्या पावडरीचे खडे अजून विरघळताहेत, हे मला माहीत होतं. तरी मी बादलीमागून बादली ओतत राहिलो. पिंप रिकामं होईपर्यंत माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. आजही ते आठवलं की माझीच मला किळस येते.

सकाळी ताईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "बघ. एकही हलत नाही."

तेव्हा कुठे मी खरं सांगितलं.

त्यांनी रिकाम्या पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पावडर टाकलीस ती न कळून. पण काल पिंप भरलेलं होतं रे."

कारखान्याने सांडपाणी अडवलं, काम थांबलं. ताईंनी नवी काचेची भांडी मांडली, त्यांत इथलाच चिखल घातला आणि शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"ताई, पुन्हा वाढतील ना?"

"दीड वर्ष लागतं. माझी नोकरी पाच महिने उरलीय," त्या भांड्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "नीट बघून घे. पुढचं तुलाच करायचंय."